लालडेंगा: २० वर्षांचं बंड, दोन वर्षांचं मुख्यमंत्रिपद

प्रश्न थोडक्यात असा आहे: लालडेंगाने २० वर्षं भारताविरुद्ध सशस्त्र लढा चालवला, पाकिस्तानचा पाहुणचार घेतला आणि शेवटी त्याच माणसाला दिल्लीने मिझोरमचा मुख्यमंत्री केलं. ही मुत्सद्देगिरी म्हणायची की देशद्रोह्याला दिलेलं बक्षीस? आणि मिझोरममध्ये जे जमलं ते नागालँडात किंवा गडचिरोलीत का जमत नाही?

ईशान्य भारत आणि अंतर्गत सुरक्षा हे विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि हा प्रश्न वर्गात दर वर्षी हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा जंगलातून तुकड्या घेऊन हिंडणारा सेनापती असतो. लालडेंगा त्या जातीचा नव्हता. तो संघटक होता, बोलण्यात पटाईत होता आणि सौदा कुठपर्यंत ताणायचा याचं त्याचं गणित पक्कं होतं. त्याची कारकीर्द लढायांच्या यादीतून बघितली तर कोड्यात पडायला होतं. वाटाघाटींच्या बाजूने बघितली की बरंच काही जागेवर बसतं, त्याचं अपयशसुद्धा.

जन्म १९२७ चा, लुंगलेईजवळच्या पुकपुई गावातला. तेव्हा त्या मुलखाला लुशाई हिल्स म्हणत. तरुणपणी ब्रिटिश हिंदी सैन्यात हवालदार, तिथून बाहेर पडल्यावर ऐझॉलला जिल्हा परिषदेत कारकून. ही जिल्हा परिषद म्हणजे घटनेच्या सहाव्या अनुसूचीखालची स्वायत्त संस्था, आपल्याकडच्या झेडपीशी तिची गल्लत करू नका. मिझो टोळीप्रमुखांचे वंशपरंपरागत हक्क १९५४ च्या कायद्याने गेले होते आणि मिझो युनियन हा पक्ष जोरात होता. या सगळ्यात लालडेंगा हे नाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्याला नेता केलं ते उंदरांनी, हे मी अजिबात विनोदाने म्हणत नाही.

मिझो डोंगरात एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी सगळा एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. त्या फळांवर उंदीर पोसतात आणि त्यांची संख्या बेसुमार वाढते. फळं संपली की त्या झुंडी झूम म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीतल्या भातावर आणि घरातल्या कणग्यांवर तुटून पडतात. एका रात्रीत उभं शेत जातं. बांबू फुलला की दुष्काळ पडतो, हे आपल्याकडे विदर्भातही जुनी माणसं म्हणतात. तिथे ते दर अर्ध्या शतकाला अनुभवाला येतं. मिझो भाषेत त्याला ‘माऊताम’ म्हणतात. आधीचा १९११-१२ मध्ये येऊन गेला होता, त्यामुळे पुढचा कधी येणार हे म्हाताऱ्यांना बोटांवर मोजून सांगता येत होतं. १९५८ मध्ये जिल्हा परिषदेने रीतसर ठराव करून आसाम सरकारकडे उपाययोजनेसाठी १५ लाख रुपये मागितले. शिलाँगच्या सचिवालयात (आसामची राजधानी तेव्हा तिथे होती) ही आदिवासींची अंधश्रद्धा समजून ती मागणी बाजूला सारली गेली. १९५९ मध्ये बांबू वेळेवर फुलला आणि उंदीरही वेळेवर आले.

सरकारी मदत आली ती उशिरा आणि तोकडी. रस्ते नव्हतेच. तांदूळ एखाद्या ठाण्यापर्यंत पोहोचला तरी तिथून डोंगर चढून गावात न्यायचा कुणी? हे काम लालडेंगाच्या माणसांनी केलं. १९६० मध्ये त्याने ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ उभी केली. तिची तरुण पोरं पाठीवर पोती बांधून आडगावी जात, उपाशी घरांच्या याद्या करत, वाटप करत. गावोगाव शाखा झाल्या, प्रत्येक गावात चार विश्वासाची पोरं तयार झाली आणि त्यांचा एक पुढारी सगळ्यांना माहीत झाला. गंमत अशी की आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा यांना ही संघटना तेव्हा सोयीची वाटत होती. मिझो युनियन आसामपासून वेगळ्या डोंगरी राज्याकडे झुकत होती आणि तिला शह द्यायला कुणीतरी हवंच होतं. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी नावातला ‘फॅमिन’ गळाला. उरली ती मिझो नॅशनल फ्रंट, म्हणजे एमएनएफ. मागणी: स्वतंत्र मिझोरम.

दुष्काळावरचा राग एकटा असता तर कदाचित निवळला असता. पण १९६० मध्येच आसामी ही राज्याची राजभाषा करणारा कायदा झाला. मिझो मुलं मिशनऱ्यांच्या शाळांत शिकलेली, चर्च हाच समाजाचा कणा. आपण गुवाहाटी-शिलाँगच्या लेखी कुणीच नाही, ही भावना घट्ट होत गेली. १९६३ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत एमएनएफने दोन जागा जिंकल्या. म्हणजे सनदशीर मार्ग बंद नव्हता. लालडेंगाने दोन्ही मार्ग एकाच वेळी धरले होते. त्याच वर्षी तो पूर्व पाकिस्तानात जाऊन आला, परतल्यावर डिसेंबरात अटक झाली आणि पुढच्या वर्षी चालिहांना चांगल्या वर्तनाची हमी देऊन तो सुटला. सुटल्यावर प्रशिक्षण आणि शस्त्रांची आयात चालूच राहिली. ३० ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना निवेदनही गेलं: अत्यंत सभ्य भाषेतलं, मिझोंच्या इतिहासाचे दाखले देणारं. एका हातात निवेदन आणि दुसऱ्यात बंदूक, हा खाक्या त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

माणसं कुठून आली? दुष्काळाच्या काळातली ती पोरं तर होतीच. शिवाय आसाम रेजिमेंटची दुसरी बटालियन शिस्तभंगाच्या प्रकारानंतर मोडण्यात आली होती आणि तिच्यातले बरेच मिझो जवान बेकार होऊन घरी आले होते. म्हणजे युद्धकला शिकवायला मास्तर आयते मिळाले. एमएनएफच्या सैन्याच्या, म्हणजे मिझो नॅशनल आर्मीच्या बटालियनना नावं दिली ती जुन्या मिझो वीरांची: खुआंगचेरा, तैतेसेना, वानापा. एकीचं नाव मात्र जोशुआ. बायबलमधल्या ज्या जोशुआने जेरिकोच्या भिंती पाडल्या, तोच. बंडाच्या योजनेचं नावही ‘ऑपरेशन जेरिको’. त्यांचं घोषवाक्यही ‘देवासाठी आणि आपल्या भूमीसाठी’ असंच होतं. हे बंड ख्रिस्ती समाजाच्या रोजच्या बोलीत बोलत होतं, म्हणून ते गावातल्या साध्या माणसाला परकं वाटलं नाही.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एकाच वेळी ऐझॉल, लुंगलेई, चंफाई इथल्या ठाण्यांवर आणि कचेऱ्यांवर हल्ले झाले. ऐझॉलचा सरकारी खजिना लुटला गेला, टेलिफोन तोडले गेले. चंफाईच्या ठाण्यातली शस्त्रं हाती लागली, लुंगलेईही पडलं. १ मार्चला ६१ जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पण ऐझॉलमधली आसाम रायफल्सची छावणी काही केल्या पडेना. उपायुक्त तिथेच आश्रयाला गेले होते. वेढ्यातल्या जवानांना रसद द्यायला आलेली हेलिकॉप्टर्स खालून होणाऱ्या गोळीबारामुळे उतरू शकली नाहीत. तेव्हा ५ मार्चला हवाई दलाची तुफानी आणि हंटर विमानं ऐझॉलवर आली आणि त्यांनी मशीनगनने व बॉम्बने मारा केला. शहराचा मोठा भाग जळाला. लोक आधीच जंगलात पळाले होते म्हणून जीवितहानी मर्यादित राहिली. भारताने आपल्याच भूमीवर हवाई दल असं वापरल्याचं हे एकमेव उदाहरण. लगोलग लष्कर सिल्चरकडून चढून आलं आणि वेढा उठला. एमएनएफवर ६ मार्चला बंदी आली होतीच.

ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावरच्या चर्चेत पंतप्रधानांनी या घटनेचा उल्लेख केला. त्यानंतर ही विमानं पुढे काँग्रेसचे नेते झालेले राजेश पायलट चालवत होते वगैरे मजकूर सगळ्या ग्रुपवर फिरला. तुम्हालाही आला असेल. राजेश पायलट हवाई दलात अधिकारी झाले २९ ऑक्टोबर १९६६ ला. तारखा बघितल्या की विषय संपतो.

मराठी वाचकाला सहसा न सांगितली जाणारी बाब वेगळी आहे. मार्च १९६६ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गृहमंत्री झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये मिझो डोंगरात गावं हलवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हाही गृहखातं त्यांच्याकडेच होतं. यशवंतरावांवर आपल्याकडे चरित्रं, गौरवग्रंथ, व्याख्यानमाला यांची कमी नाही; पण ऐझॉल त्यांत शोधावंच लागतं. याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारा असं मी म्हणत नाही, निर्णय अख्ख्या सरकारचा होता. पण आपण सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचं कौतुक सांगतो तेव्हा हेही त्याच कारकिर्दीत घडलं, हे माहीत असावं.

गावं हलवणं म्हणजे काय, हे जरा जवळून सांगतो, कारण मिझोरमच्या आठवणीत हवाई हल्ल्याइतकीच किंवा त्याहून खोल जखम याची आहे. बंडखोरांना गावातून तांदूळ, आसरा आणि बातम्या मिळतात, तेव्हा गावच उचलायचं, ही कल्पना इंग्रजांनी मलायात वापरलेली. सिल्चर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याच्या कडेला कुंपण घातलेल्या वसाहती उभ्या केल्या आणि त्यांना ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावं’ असं नाव दिलं. पुढच्या तीन वर्षांत ७६४ पैकी ५१६ गावं उठवून ११० केंद्रांत कोंबली गेली. जिल्ह्याची अख्खी लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत अवघी २ लाख ६६ हजार होती. तिच्यातला बहुसंख्य ग्रामीण समाज घराबाहेर काढला गेला.

दारझो नावाच्या सधन गावाची हकिगत तिथे गेलेल्या लष्करी अधिकाऱ्यानेच पुढे सांगितली आहे. गावाला हुकूम झाला: उचलता येईल तेवढं उचला आणि निघा. घरांना स्वतःच्या हाताने आग लावा, असंही सांगण्यात आलं. कुणी पुढे होईना. शेवटी आग लावण्याचं काम त्या अधिकाऱ्यालाच करावं लागलं. साठवलेलं भात, डुकरं, कोंबड्या मागे राहिल्या. मग गावच्या पंचांना पिस्तुलाच्या धाकाने एका कागदावर सही करायला लावलं. कागदावर मजकूर होता की बंडखोरांच्या जाचाला कंटाळून आम्हीच स्थलांतर मागितलं, गाव आम्हीच जाळलं आणि आमच्यावर कुणी बळजबरी केली नाही. नव्या वसाहतीत ओळखपत्रं, रेशन, हजेरी, रात्रीची संचारबंदी. झूम शेतीला डोंगर फिरावा लागतो. कुंपणात ती होत नाही, म्हणून माणूस रेशनवर आला.

दुसरी बाजूही तितकीच खरी. एमएनएफने खबरे म्हणून, सरकारला फितूर म्हणून अनेक मिझोंना मारलं. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना, व्यापाऱ्यांना धमक्या गेल्या. १३ जानेवारी १९७५ ला ऐझॉलच्या पोलिस मुख्यालयात शिरून पोलिस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९७९ मध्ये बिगरमिझोंना ‘मिझोरम सोडा’ अशी नोटीस बजावली गेली. मधल्या मधे गाव भरडलं गेलं: रात्री बंडखोर जेवण मागणार आणि सकाळी लष्कर त्या जेवणाचा जाब विचारणार.

लालडेंगा या सगळ्यात कुठे होता? बहुतेक काळ देशाबाहेर. आधी पूर्व पाकिस्तानात. चितगाव डोंगराळ पट्ट्यात एमएनएफचे तळ होते आणि नेतृत्वाचा मुक्काम ढाक्यातही असे. १९७१ च्या युद्धात तो आसरा एका झटक्यात गेला. तिबेटी जवानांच्या विशेष दलाने चितगावचे तळ उद्ध्वस्त केले आणि लालडेंगा ब्रह्मदेशातल्या आराकानमार्गे पाकिस्तानात पोहोचला. त्याचा चिटणीस झोरमथांगा सोबत होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येईल. तिकडे जंगलातल्या तुकड्यांना नेता फक्त पत्रांतून भेटत होता. आणि २१ जानेवारी १९७२ ला दिल्लीने मिझो जिल्हा आसामपासून काढून केंद्रशासित प्रदेश केला. निम्मी तक्रार तिथेच निकालात निघाली.

स्वतंत्र मिझोरम मिळणार नाही हे लालडेंगाला त्याच्या माणसांच्या बरंच आधी उमगलं, असं माझं मत आहे. १९७५ मध्ये त्याने जिनिव्हातून भारतीय अधिकाऱ्यांशी संधान बांधलं, १९७६ मध्ये तो दिल्लीत आला. कलकत्त्याला एमएनएफच्या पुढाऱ्यांची बैठक झाली, घटनेच्या चौकटीतला तोडगा मान्य झाला, १ जुलैला समझोत्याची घोषणाही झाली. आणि दहा वर्षं काहीही झालं नाही.

ही दहा वर्षं समजून घेतली तर लालडेंगा समजतो. शस्त्रं कुठे, किती, कधी ठेवायची यावर घोळ. जंगलातले सेनाधिकारी नाराज, त्यांच्यातल्या ब्याकछुंगासारख्यांनी तर नेतृत्वालाच आव्हान दिलं. लालडेंगाने ते मोडून पुन्हा मांड ठोकली. मोरारजींच्या काळात बोलणी फिसकटली आणि १९७९ मध्ये त्याला दिल्लीतच अटक झाली. इंदिरा गांधी परतल्यावर सुटका, नवी शस्त्रसंधी, १९८२ च्या जानेवारीत पुन्हा फिसकटणं, मग लंडन. प्रत्येक वेळी मागण्यांच्या यादीत एक मागणी असायचीच: ऐझॉलमधलं निवडून आलेलं सरकार घालवा आणि हंगामी मुख्यमंत्रिपद मला द्या. तेव्हाचे मुख्यमंत्री ब्रिगेडियर सायलो हे लष्करातून निवृत्त झालेले, जवानांच्या अत्याचारांविरुद्ध मानवी हक्क समिती काढून लोकांत आलेले. लोकांनी निवडून दिलेला मी, बंदूकवाल्यासाठी खुर्ची का सोडू, हा त्यांचा सवाल चुकीचा म्हणता येत नाही.

कोंडी फुटली ती दोन बाजूंनी. एक म्हणजे चर्च आणि विद्यार्थी संघटना. सगळ्या पंथांच्या चर्चनेत्यांनी समिती करून दोन्हीकडे तगादा लावला. ज्या समाजात रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये असतं, तिथे धर्मगुरूने ‘आता पुरे’ म्हणणं हे कुठल्याही सरकारी आवाहनाहून वजनदार. दुसरी बाजू म्हणजे १९८४ ची निवडणूक. काँग्रेसचे लाल थनहवला शांततेच्या आश्वासनावर जिंकले आणि करार होणार असेल तर मी पद सोडतो, असं ते म्हणाले. माझ्या मते मिझो कराराचं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं माणूस हेच. सत्तेतला मुख्यमंत्री आपणहून उपमुख्यमंत्री होतो, ही गोष्ट आपल्या राजकारणात तेव्हा ऐकिवात नव्हती.

१९८४ च्या ऑक्टोबर अखेरीस लालडेंगा लंडनहून दिल्लीला आला. ३१ तारखेला इंदिरा गांधींशी भेट ठरलेली होती. त्याच सकाळी त्यांची हत्या झाली. पुढे राजीव गांधींनी धागा उचलला, मुत्सद्दी जी. पार्थसारथींनी आणि नंतर गृहसचिव राम प्रधान यांनी बोलणी नेली. प्रधान हे महाराष्ट्र केडरचे, राज्याचे माजी मुख्य सचिव, आणि त्याआधी संरक्षणमंत्री यशवंतरावांचे खासगी सचिव. आसाम करारावरही गृहसचिव म्हणून त्यांचीच सही आहे. ३० जून १९८६ हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. राहिलेले मुद्दे त्या दिवशी मिटले, पंतप्रधानांची मंजुरी आली आणि संध्याकाळी करारावर सह्या झाल्या: लालडेंगा, प्रधान आणि मिझोरमचे मुख्य सचिव लालखामा.

करारात एमएनएफने काय सोडलं? स्वातंत्र्य, आणि मणिपूर-त्रिपुरा-आसामातला मिझो मुलूख जोडून बृहद् मिझोरम करण्याची मागणी. काय मिळवलं? पूर्ण राज्याचा दर्जा आणि घटनेतलं कलम ३७१-जी. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक प्रथा, रूढी कायदा आणि जमिनीची मालकी-हस्तांतरण या बाबतीतला संसदेचा कायदा राज्य विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. स्पर्धा परीक्षेवाले ५३ वी घटनादुरुस्ती म्हणून हे पाठ करतात. पण करार टिकला तो याच कलमामुळे, कारण जमीन आणि रूढी हाच मिझो भीतीचा गाभा होता. जंगलातल्या सहाशेहून अधिक जणांनी येऊन शस्त्रं ठेवली. मागे राहून लढा चालवणारा कुठलाही मोठा गट उरला नाही. माझ्या विषयात ही जवळपास अद्भुत गोष्ट आहे.

ऑगस्ट १९८६ मध्ये लालडेंगा हंगामी मुख्यमंत्री झाला. फेब्रुवारी १९८७ च्या निवडणुकीत एमएनएफला ४० पैकी २४ जागा मिळाल्या आणि २० फेब्रुवारीला मिझोरम देशाचं २३ वं राज्य झालं. आणि मग घसरण. दीड वर्षातच त्याचे आठ-नऊ आमदार फुटले, ७ सप्टेंबर १९८८ ला राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत त्याचा पक्ष हरला. आमदार फोडण्यात काँग्रेसचा हात होता का, यावर ऐझॉलमध्ये आजही वाद रंगतो. पण तेवढंच कारण नव्हतं. वीस वर्षं हुकूम सोडण्याची सवय लागलेल्या माणसाला खाती वाटणं, आमदारांची तोंडं गोड ठेवणं, परतलेल्या पोरांना नोकऱ्या देणं, हे निराळंच काम होतं. दिल्लीशी घासाघीस करताना जो ताणण्याचा गुण कामी आला, तो स्वतःच्या आमदारांवर चालला नाही. ७ जुलै १९९० ला फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये त्याचं निधन झालं. ऐझॉलमध्ये भर चौकात, ट्रेझरी स्क्वेअरला त्याची समाधी आहे.

पक्ष मात्र संपला नाही. चिटणीस झोरमथांगा १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाला आणि दहा वर्षं राहिला. त्याच्याच कारकिर्दीत २००६ नंतर बांबू पुन्हा फुलला. या वेळी उंदराच्या शेपटीमागे बक्षीस देण्यापासून पिकं बदलण्यापर्यंत सरकारने आधीपासून तयारी केली होती, तरी नुकसान झालंच आणि २००८ मध्ये एमएनएफ दणकून हरली. हरली आणि विरोधी बाकांवर जाऊन बसली. २०१८ ला पुन्हा आली, २०२३ ला पुन्हा गेली. हाच कराराचा खरा निकाल.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. दुसरीकडे हे का जमत नाही? मिझोरममध्ये भाषा एक, चर्चचं जाळं एक, संघटना एक, आणि ज्याच्या सहीला सगळे मानतात असा नेता एक. नागांच्या बाबतीत १९७५ चा शिलाँग करार काहींनी केला, बाकीच्यांनी धुडकावला आणि त्यातूनच १९८० मध्ये एनएससीएन ही नागांची नवी सशस्त्र संघटना जन्मली. तिचीही शकलं झाली. २०१५ चा आराखडा करार अजून अंतिम तोडग्याची वाट बघतो आहे. श्रीलंकेत तमिळ वाघांच्या (एलटीटीई) प्रभाकरनकडे हुकमत लालडेंगापेक्षा कितीतरी जास्त होती, पण ईलम म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रापेक्षा कमी काही घेण्याची तयारी नव्हती; २००९ मध्ये तो आणि त्याची संघटना दोन्ही संपली. गडचिरोलीचा तर सांधाच वेगळा. नक्षलवाद्यांची लढाई एखाद्या प्रदेशासाठी नाही, अख्ख्या राज्यव्यवस्थेशी आहे. त्यांना देण्याजोगं राज्य किंवा कलम दिल्लीच्या खिशात नाही. म्हणून तिथे होतात ती आत्मसमर्पणं. करार व्हायला दोन्ही बाजूंना मान्य होईल असं काहीतरी मधलं असावं लागतं.

देशद्रोही की मुत्सद्दी? कायद्याच्या भाषेत १९६६ चं बंड हे राज्याविरुद्ध युद्धच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बक्षीस हा शब्द मला पटत नाही. बक्षीस म्हटलं की दिल्लीने काही गमावलं असा अर्थ निघतो. दिल्लीने स्वातंत्र्याची मागणी कायमची मागे घ्यायला लावली आणि त्या बदल्यात जे दिलं ते घटनेच्या आतलंच होतं. माझा लालडेंगावरचा आक्षेप दुसरा आहे. १९७६ मध्ये जे मान्य केलं होतं त्याच्याहून १९८६ मध्ये फार वेगळं काही मिळालं, असं मला दिसत नाही. राज्याचा दर्जा आणि ३७१-जी ही मोठी भर, पण ती आणखी आधी मिळवता आली असती. मधली दहा वर्षं खुर्ची, शस्त्रांचा क्रम आणि मानापमान यांत गेली. त्यात जे मेले त्यांचा हिशेब त्याच्याही खात्यावर मांडायला हवा, एकट्या दिल्लीच्या नव्हे.

शेवटी एक गोष्ट, जी उत्तरपत्रिकेत हमखास सुटते. मिझो करार मिझोंसाठी झाला, राज्यातल्या इतर जमातींसाठी नाही. उत्तरेकडच्या हमार लोकांनी त्यानंतर वेगळी चळवळ केली, १९९४ मध्ये त्यांच्याशी वेगळा करार करावा लागला आणि तो न मानणाऱ्या गटाशी २०१८ मध्ये आणखी एक. पश्चिमेकडच्या ब्रू लोकांनी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, १९९७ मध्ये हिंसाचार झाला आणि हजारोंच्या संख्येने ते त्रिपुरातल्या छावण्यांत गेले. दोन दशकांहून जास्त काळ ते तिथेच होते. जानेवारी २०२० च्या करारात त्यांना कायमचं वसवण्याचं ठरलं ते त्रिपुरात, मिझोरममध्ये नव्हे.